मातृत्वाची पात्रता

बुद्धीने उणे असलेल्या स्त्रीला मूल वाढविण्याची मोकळीक असावी काय? या प्रश्नाचे उत्तर प्रथम कठोर मिळाले. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने १९२४ साली अशा व्यक्तींच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. त्याची पहिली बळी कॅरी बक. अत्याचारातून तिला मुलगी झाली. मायलेकींची ताटातूट करून तिला सरकारी वसाहतीत ठेवण्यात आले. १९२७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा ८ विरुद्ध १ मतांनी वैध ठरविला आणि त्याच वर्षी तिच्यावर शस्त्रक्रिया झाली.

कॅरी मंदबुद्धी नव्हतीच, असे पुढे संशोधकांनी दाखविले. तिची मुलगी आठव्या वर्षी वारली. तत्पूर्वी शाळेच्या गुणवंतांत तिचे नाव आले होते. परंतु परीक्षा चुकली एवढेच म्हटले, तर मूळ अन्याय नजरेआड होतो. कॅरीची बुद्धी खरोखरच उणी असती, तरी तिला कोणी काही शिकवून पाहिले होते काय?

तसे शिकवून पाहणाऱ्यांत कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ मॉरिस फेल्डमन हे एक. १९८० नंतर त्यांनी बाळाला न्हाऊ घालण्यासारखी कामे लहान लहान पायऱ्यांत विभागली, घरी जाऊन ती करून दाखविली, चित्रे दिली, जमले की शाबासकी दिली. आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या माता ती कामे शिकल्या.

भारतात हाच प्रश्न २००९ साली उभा राहिला. चंडीगडच्या शासकीय आश्रयगृहातील एक अनाथ तरुणी बलात्कारातून गरोदर राहिली. तिला मूल हवे असतानाही उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो रोखला. १९९९ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाने, तिच्या व बाळाच्या संगोपनास साहाय्य करण्याची हमी दिली होती. भारताने २००७ साली मान्य केलेला अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करारही हेच सांगतो: केवळ आईबापांच्या अपंगत्वापायी मूल त्यांच्यापासून तोडू नये, संगोपनात त्यांना योग्य साहाय्य द्यावे.

आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला शिकलीसवरलेली लेकही माहेरी येते. बाळ कसे धरावे, कसे न्हाऊ घालावे, हे तिला आई-आजी दाखवितात, आणि त्यावरून तिच्या पात्रतेविषयी कोणी शंका घेत नाही. चंडीगडच्या त्या तरुणीला असे माहेर नव्हते. तेवढी उणीव समाजाने भरून काढावयाची होती.