हेडर बसवण्याआधीचे काम

जुन्या अमेरिकी मोटारीला हेडर बसवायचा म्हणजे इंजिनाच्या दोन्ही अंगांचे बिडाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उतरवायचे आणि त्यांच्या जागी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी देणारा पोलादी नळ्यांचा जुडगा लावायचा. या कामाचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्यात कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांवरच्या शर्यती येतात, अश्वशक्तीचे आकडे येतात, विक्रम येतात. प्रत्यक्ष कामाचा मोठा भाग मात्र त्यात येत नाही, कारण तो भाग हेडर हातात घेण्याआधीच होऊन गेलेला असतो. माझे म्हणणे असे आहे, की १९५० च्या दशकात हेडर तयार मिळू लागला तेव्हा या कामातले कौशल्य संपले नाही. नळ्या कापणे, वाकवणे आणि जोडणे यांतून ते निघाले आणि पूर्वतयारीत जाऊन बसले. पुढे गाड्या म्हाताऱ्या होत गेल्या तशी ही पूर्वतयारीच मुख्य काम झाली. हत्यारांची पेटी हा त्याचा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे.

आधी मॅनिफोल्डची बाजू नीट समजून घ्यायला हवी. चार सिलिंडरांचा जळका वायू एकाच आखूड, जाड ओतीव खोक्यात सोडला, की एका सिलिंडरचा झोत दुसऱ्याच्या वाटेत येतो. प्रत्येकाला वेगळी, ठरावीक लांबीची नळी दिली आणि त्या पुढे एका तोंडात मिळवल्या, तर आधीच्या झोतामागून येणारी कमी दाबाची लाट पुढच्या सिलिंडरचा धूर ओढून घ्यायला मदत करते. हे कारखान्यांना ठाऊक नव्हते असे मानणे चूक आहे. क्रायस्लरने १९६२ मध्ये आपल्या ४१३ घनइंची ‘मॅक्स वेज’ इंजिनावर लांब, वर वळलेले मॅनिफोल्ड लावले होते आणि तेही बिडाचेच होते. ज्ञान होते, पण रोजच्या गाडीला बीड स्वस्त पडते, आवाज दाबते, वर्षानुवर्षे टिकते आणि अरुंद जागेत मावते. म्हणून बाजारात गेलेल्या बहुसंख्य गाड्यांवर आखूड खोकेच राहिले.

ते खोके बदलण्याची पहिली मोठी लाट फोर्डच्या १९३२ च्या व्ही-८ इंजिनाभोवती उठली. २२१ घनइंचांचे, ६५ अश्वशक्तीचे हे इंजिन सामान्य माणसाला परवडणारे होते आणि त्याचा धुराचा मार्ग वाकडा होता. एक्झॉस्टच्या वाटा थेट ब्लॉकमधून, पाण्याच्या कप्प्यांना लागून बाहेर येत. मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच तोंड होते, त्यामुळे दोन्ही बाजूंना चारऐवजी तीनच तोंडे असत. इंजिन तापते ही या गाडीची कायमची तक्रार होती आणि तिचे एक कारण याच रचनेत होते. दक्षिण कॅलिफोर्नियात १९३७ साली ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन झाली. म्युरॉक आणि एल मिराज या कोरड्या तलावांवर धावणाऱ्या तरुणांनी या इंजिनांना तीन नळ्यांचे हेडर स्वतः वेल्डिंग करून बसवले. त्या वेळी हत्यारे होती गॅसची टॉर्च, करवत, कानस आणि शिकंजा. नळी त्याच गाडीच्या अंगावर मापून कापली जाई. स्टिअरिंगचा दांडा आडवा आला तर नळी तिथेच वळवली जाई. मापणे आणि बनवणे एकाच हातात, एकाच वेळी होत असल्याने पूर्वतयारी नावाचा वेगळा टप्पाच नव्हता. महायुद्धानंतर विमानांच्या कारखान्यांत आणि सैन्यात यंत्रकाम शिकलेले अनेक जण याच भागात परतले आणि जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन यांचे ‘हॉट रॉड’ मासिक निघाले, तेव्हा ही घरगुती विद्या देशभर पोचली.

मग शेवरलेने १९५५ च्या मॉडेलसाठी एड कोल यांच्या देखरेखीखाली छोटे व्ही-८ इंजिन आणले. सुरुवातीला ते २६५ घनइंचांचे होते; पुढे आकार वाढत गेले, पण हेडवर मॅनिफोल्ड बसवण्याच्या बोल्टांची मांडणी दशकानुदशके जवळपास तीच राहिली. हेडर विकणाऱ्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. एकच फ्लॅंज लाखो इंजिनांना बसणार असेल, तर नळ्या साच्यावर वाकवून गठ्ठ्याने बनवता येतात. बॉब हेडमन यांनी १९५४ मध्ये हेडरचा धंदा सुरू केला. गॅरी हूकर यांची कंपनी १९६२ ची. धंदा किती लवकर प्रौढ झाला याची खूण इंडियानापोलिसच्या शर्यतीत दिसते. १९५७ मध्ये सॅम हँक्स आणि १९५८ मध्ये जिमी ब्रायन ज्या गाडीवर जिंकले, त्या जॉर्ज सॅलिह यांच्या गाडीवर दोन्ही वर्षे बेलंड हे नाव होते. सँडी बेलंड हे एक्झॉस्टच्या नळ्या विकणारे व्यापारी. ज्या वस्तूसाठी दहा वर्षांपूर्वी गावातल्या वेल्डरची मनधरणी करावी लागे, तिचा विक्रेता आता देशातल्या सर्वांत मोठ्या शर्यतीचा पुरस्कर्ता झाला होता. १९६३ मध्ये या उत्पादकांनी आपली संघटनाही उभारली.

कॅटलॉगमधून आलेल्या या हेडरची जाहिरात अशी असे, की बोल्ट सोडा, बोल्ट लावा, काम झाले. इथेच श्रमांची नवी वाटणी झाली. इंजिन सारखे असले तरी ज्या गाडीत ते बसले होते ती सारखी नव्हती. स्टार्टर कुठे आहे, क्लचचा दांडा कुठून जातो, स्टिअरिंग बॉक्स किती आत आहे, तेलाचा फिल्टर कसा उतरतो, हे मॉडेलगणिक बदले. शेवरलेच्या हेडमध्ये स्पार्क प्लग सरळ आहेत की तिरपे, एवढ्या फरकानेही नळी प्लगला अडते. १९६४ च्या मस्टँगमध्ये पुढच्या स्प्रिंगचे मनोरे इंजिनाला इतके खेटून होते, की कित्येक हेडरांसाठी इंजिनाचे माउंट सोडून ते जॅकने वर उचलावे लागे. कॅरोल शेल्बी यांच्या १९६५ च्या जीटी ३५० ला चार नळ्या दोनदोनने मिळवत नेणारे हेडर होते. कार्ब्युरेटर, इनटेक मॅनिफोल्ड आणि हेडर यांमुळे २८९ घनइंची इंजिनाचे आकडे २७१ वरून ३०६ अश्वशक्तीवर गेले. हे काम शेल्बी यांच्या कारखान्यात, नव्याकोऱ्या गाड्यांवर झाले. तोच नमुना पन्नास वर्षांनी घरच्या गॅरेजमध्ये बसवणे हे निराळे काम आहे.

दुसरी गोष्ट माझ्या मते याहून महत्त्वाची आहे. जुना मॅनिफोल्ड नुसती धुराची वाट नव्हता. त्याच्या अंगावर इतर कामे लटकलेली होती. कित्येक शेवरले गाड्यांत अल्टरनेटरचा आधार मॅनिफोल्डलाच बोल्टने बांधलेला असे. ऑटोमॅटिक चोकला लागणारी गरम हवा तिथूनच येई. एका बाजूला झडप असे. ती थंड इंजिनात गरम धूर कार्ब्युरेटरच्या खाली वळवून पेट्रोलची वाफ नीट होऊ देई. कॅलिफोर्नियात १९६६ पासून आणि देशभर १९६८ पासून अनेक गाड्यांच्या मॅनिफोल्डमध्ये हवा सोडणाऱ्या पंपाच्या नळ्याही शिरल्या. मॅनिफोल्ड उतरवला की ही सगळी कामे एकदम अनाथ होतात. म्हणून खरी तयारी पान्याने सुरू होत नाही. मॅनिफोल्डला काय काय जोडलेले आहे याची आधी यादी करावी लागते. चोकला वीज द्यायची की हाताची वायर ओढायची, अल्टरनेटरचा नवा आधार कुठला, हवेच्या नळ्यांना हेडरवर जागा आहे का, पेट्रोल-हवेचे प्रमाण बदलल्याने कार्ब्युरेटरचे जेट बदलावे लागतील का, हे सगळे गाडी चालती असतानाच ठरवायला हवे. ज्यांनी हे ठरवले नाही, त्यांच्या गाड्या आठवडेच्या आठवडे स्टँडवर टांगून राहिल्या.

यावर आक्षेप निघेल, की पूर्वतयारी तर प्रत्येक दुरुस्तीत असते, मग हेडरचे एवढे काय? फरक असा आहे, की साध्या दुरुस्तीत नवा भाग जुन्यासारखाच असतो. पाण्याचा पंप बदलताना जुना पंपच नमुना असतो. तो ज्या वाटेने निघाला त्याच वाटेने नवा आत जातो. हेडर हा उतरवलेल्या भागापेक्षा आकाराने मोठा, वेगळ्या वळणांचा आणि वेगळ्या जागा व्यापणारा असतो. वाट त्याच्यासाठी नव्याने शोधावी लागते. ती वरून आहे की खालून, त्यासाठी गाडी किती उंच उचलावी लागेल, स्टार्टर आधी काढायचा की हेडर आत सरकवल्यावर परत बसवायचा, हा क्रम चुकला तर काम दोनदा करावे लागते.

आता हत्यारांकडे येऊ. १९२० मध्ये जोसेफ जॉन्सन आणि विल्यम साइडमन यांनी अदलाबदल होणाऱ्या गोट्यांचे पाने विकायला काढले. पाच दांडे आणि दहा गोट्या पन्नास पान्यांचे काम करतात, असा त्यांचा दावा होता. स्नॅप-ऑन कंपनी ती हीच. १९२७ मध्ये सिअर्सने क्राफ्ट्समन हे नाव बाजारात आणले आणि मोडलेले हत्यार बदलून देण्याच्या हमीमुळे ते घरोघरी पोचले. गोटी पाना सामान्य घरात नसता, तर कॅटलॉगमधला हेडरही सामान्य घरात आला नसता. पण खरी परीक्षा गंजाची होती. एक्झॉस्टचे बोल्ट शेकडो अंश तापतात, थंड होतात, पुन्हा तापतात. वीस-तीस वर्षांत पोलाद आणि बीड एकमेकांत जाम होऊन बसतात. लिक्विड रेंचसारखी भिनणारी तेले १९४० च्या दशकापासूनच मिळत होती. सॅन डिएगोत १९५३ मध्ये तयार झालेले डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवून ॲटलस क्षेपणास्त्राची पत्र्याची कातडी गंजापासून वाचवण्यासाठी होते. १९५८ पासून ते दुकानात आले आणि गॅरेजचे होऊन गेले.

जाणते मेकॅनिक तेल आदल्या दिवसापासून मारत राहतात, बारा कोनी गोटीऐवजी सहा कोनी गोटी घेतात आणि बोल्ट सोडण्याआधी तो किंचित आवळून पाहतात, म्हणजे गंजाचा बांध तुटतो. तरी डोके तुटलेच, तर उरलेल्या बुंध्यावर नट ठेवून वेल्डिंग करतात. त्या उष्णतेनेच बुंधा सैल होतो. तेही जमले नाही तर मध्यबिंदू काढून उलट्या आट्यांच्या ड्रिलने भोक पाडावे लागते, आणि तिथे हात किंचित चळला तर नुकसान हेडचेच होते. बोल्ट निघाल्यावर तीन अष्टमांश इंची, सोळा आट्यांच्या भोकांतून टॅप फिरवून आटे साफ करणे, हेडचा चेहरा खरवडून पट्टीने सपाटी तपासणे, नव्या बोल्टांना न जाम होणारे वंगण लावणे आणि मधून कडेकडे टॉर्क पान्याने आवळत जाणे, ही सगळी कामे हेडर लावण्याचीच आहेत. हेडरचा फ्लॅंज मॅनिफोल्डच्या तोंडापेक्षा पातळ असल्याने तो वाकतो. त्यामुळे इंजिन काही वेळा तापून थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळावे लागतात.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. बहुतेक लोकांना शक्ती नकोच होती, आवाज हवा होता; मग या सगळ्या तयारीला अर्थ काय? साध्या कॅमशाफ्टच्या, शांतपणे चालवलेल्या इंजिनाला हेडरचा फायदा थोडाच होतो आणि तोही वरच्या फेऱ्यांवर. हे मी मान्य करतो. पण त्यामुळे माझा मुद्दा अधिक पक्का होतो. फायदा थोडाच असेल, तर गळक्या पॅकिंगने किंवा न बदललेल्या जेटने तो पूर्ण जातो. शर्यतीच्या गाडीत तयारीतली चूक झाकली जाऊ शकते. रस्त्यावरच्या गाडीत ती लगेच ऐकू येते. आवाजासाठी हेडर लावणाऱ्यालाही गळतीची टकटक नको असते.

तिसरी बाब कायद्याची आहे. १९७० चा स्वच्छ हवा कायदा आणि १९७५ च्या मॉडेलांपासून आलेले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांनी हेडरच्या बाजारात स्पष्ट रेघ ओढली. कॅलिफोर्नियात धुरासाठी नियमित तपासणी आहे ती १९७६ आणि नंतरच्या गाड्यांची. त्यांच्यावर बसवायचा हेडर राज्याच्या मंडळाने मान्यता क्रमांक दिलेलाच हवा. धुरावर बंधन घालणे योग्यच होते. लॉस एंजेलिसची हवा तेव्हा खरोखर घातक होती. पण या रेघेचा एक परिणाम असा, की हेडरची हौस १९७५ पर्यंतच्या गाड्यांकडे एकवटली. या गाड्या आता पन्नाशी उलटलेल्या आहेत, म्हणजे त्यांचे बोल्ट सर्वांत जास्त गंजलेले आहेत. बाजाराने काम सोपे केले, वयाने ते पुन्हा अवघड केले.

अलीकडे या तयारीत एक काम वाढले आहे. १९६० च्या दशकात उतरवलेले मॅनिफोल्ड भंगारात गेले. आज मूळ ओतकामाचा क्रमांक असलेले मॅनिफोल्ड गाडी मूळ रूपात आणणाऱ्यांना हवे असतात आणि त्यांच्या नव्या नकलाही ओतून विकल्या जातात. म्हणून अनुभवी मेकॅनिक आता उतरवलेला प्रत्येक भाग, चोकच्या नळीपासून अल्टरनेटरच्या आधारापर्यंत, चिठ्ठी लावून तेल पुसून ठेवायला सांगतात. पुढचा मालक हेडर काढून बीड परत लावू पाहील, ही शक्यता ते धरून चालतात.