साहेबाची वही आणि राजगडची पाखरे

फाल्गुनाच्या अखेरीस राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणीच्या काठाने पहाटे निघालेला पक्षिनिरीक्षकांचा गट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पुढे गावातलाच वाटाड्या, मागे गळ्यात दुर्बिणी अडकवलेली दहा-बारा माणसे. पळस, पांगारा आणि सावर पाने झाडून लाल फुलले आहेत आणि त्यांवर मैना, कोतवाल, बुलबुल, सूर्यपक्षी यांची झुंबड उडाली आहे. भोर-वेल्ह्याच्या गडांचा इतिहास आपल्याला तोंडपाठ असतो. या पाखरांच्या नोंदींचाही एक इतिहास आहे आणि तो लढायांच्या इतिहासापासून फारसा दूर नाही. आजचा धागा त्याविषयी.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या मैदानावर पेशव्यांच्या फौजेसमोर उभ्या असलेल्या कंपनी सरकारच्या सैन्यात विल्यम हेन्री साईक्स नावाचा एक तरुण अधिकारी होता. पेशवाई बुडाली. पुढे १८२४ मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी याच साईक्सला दख्खनचा ‘सांख्यिकी वृत्तनिवेदक’ नेमले. जिंकलेल्या मुलखात काय काय आहे, ते मोजायचे, असे हे काम. माणसे, जमिनी, पिके, गुरे, हवामान, डोंगरांची उंची या साऱ्यांची त्याने मोजदाद केली. हवेच्या दाबाची यंत्रे घेऊन तो घाटमाथ्यावर हिंडला. या मोजणीच्या ओघातच पाखरेही वहीत आली.

नवख्या राज्यकर्त्याने पाखरे का मोजावीत, असा प्रश्न पडेल. त्या काळी ‘सांख्यिकी’ म्हणजे आकड्यांचे कोष्टक एवढाच अर्थ नव्हता. राज्याची समग्र ओळख असा तिचा व्यापक अर्थ होता. शिवाय साईक्सला स्वतःलाच त्याचा नाद होता, हेही मान्य करावे लागते. केवळ सरकारी हुकमाने कोणी इतके करत नाही.

१८३२ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली. सुमारे २३६ जाती तीत होत्या आणि त्यांतल्या पन्नासहून अधिक जाती त्याने विज्ञानाला नव्या म्हणून मांडल्या. त्यांतली प्रत्येक जात पुढे टिकली नाही, पण बऱ्याच टिकल्या.

आता पुन्हा राजगडाच्या वाटेवर येऊ. कड्याच्या कपारीपाशी सतत घिरट्या घालणारी काळसर तपकिरी, छोटी भिंगरी दिसते. ती गडाच्या भिंतीवर आणि बुरुजांच्या आडोशाला मातीचे घरटे बांधते. शास्त्रीय नावातील तिचे ‘कॉनकलर’ हे विशेषण, म्हणजे ‘एकरंगी’, साईक्सने दिलेले. खाली भाताच्या खाचरात मान आखडून बसलेली ढोकरी तर सर्वांच्या परिचयाची. बसली असता मातकट, उडाली की पांढरीशुभ्र. आणि विणीचा हंगाम जवळ आला की पाठीवर गडद लालसर शाल पांघरलेली. तिचे ‘ग्रेयी’ हे नाव ब्रिटिश म्युझियममधील जॉन एडवर्ड ग्रे यांच्यावरून आले. मोकळ्या माळावरचा मोठा राखी सातभाई सर जॉन माल्कम यांच्या नावे ‘माल्कमी’ झाला. हे तेच माल्कम, ज्यांच्यापुढे जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली. गावाच्या वेशीवर कलकलाट करणाऱ्या पाखरांच्या थव्यावर पेशवाईच्या अस्ताचा शिक्का असा बसला आहे.

काही नावे मात्र चकित करतात. एका चंडोलाला त्याने ‘देवा’ म्हटले, एका वटवट्याला ‘रामा’. आणि एका रातव्याला ‘महरट्टेन्सिस’, म्हणजे मराठ्यांचा! गंमत अशी की हा मराठ्यांचा रातवा वीण करतो तो सिंध, बलुचिस्तान, इराणच्या रुक्ष प्रदेशात. आपल्याकडे तो केवळ थंडीचा पाहुणा. भोर-वेल्ह्याच्या दमट डोंगरात त्याला शोधू नये.

खरी खंत निराळीच आहे. साईक्सने पुढे दख्खनच्या माशांवरही लिहिले. तिथे ‘खुद्री’, ‘कोळूस’, ‘मुसुल्ला’ अशी नावे शास्त्रात गेली आणि त्यांतून मुळा-मुठेच्या काठावरच्या मासेमारांची बोली आजही ऐकू येते. पाखरे धरून आणणारे, त्यांची ठिकाणे दाखवणारे लोकही येथलेच असणार. एकट्या साहेबाला हे साधणे शक्य नव्हते. पाखरांच्या शास्त्रीय नावांत मात्र त्यांचा मागमूस क्वचितच लागतो. आज गटाच्या पुढे चालणारा वाटाड्या त्याच अनामिकांच्या जागी उभा आहे, असे मला नेहमी वाटते.

साईक्सने ही पाखरे राजगडावरच पाहिली, असा दावा करता येणार नाही. त्याचा अहवाल कंपनीच्या जिल्ह्यांचा होता आणि हा मुलूख होता भोरच्या पंत सचिवांचा. विचित्रगड, प्रचंडगड, राजगड, सुधागड आणि पवनमावळ असे या संस्थानाचे पाच तालुके. सुधागड तर घाटाखाली, कोकणात. म्हणजे माथ्यावरच्या धुक्यापासून खालच्या उष्ण दमट रानापर्यंतची सगळी पाखरे एकाच संस्थानात नांदत होती. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले.

मधल्या काळात मुलूख बदलला. वेळवंडीवर भाटघरचे धरण आले आणि खोऱ्यातली शेते पाण्याखाली गेली. पुढे वेल्ह्यात पानशेत व वरसगाव झाली. पाणपक्ष्यांना नवी घरे मिळाली, पण पानशेतच्या पाणलोटातले डोंगर कोळशाच्या भट्ट्यांनी उघडे केले. जुने रान उरले ते देवरायांत. १९७०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल शास्त्रीय जगापुढे मांडले. हरियल, तांबट, राखी धनेश यांना लागणारी फळांची जुनी झाडे तिथे अजून उभी आहेत.

चैत्रात जाणार असाल तर पळस मैनांकडे अवश्य पाहा. गुलाबी अंग, काळे डोके, आणि थवा असा की सावरीचे झाड हलल्यासारखे वाटावे. भोरडी हे त्यांचे दुसरे नाव. त्यावरून भोर गावाशी नाते जोडण्याचा मोह मात्र आवरावा. काही दिवसांतच त्या मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशाकडे निघतात आणि वाटाड्या हात वर करून उत्तरेकडे दाखवतो.