मोजदाद आणि माणूस

लोकसंख्येचा विषय निघाला की आपल्या घरांतून दोन मते ऐकू येतात. देशाच्या गरजेपुढे व्यक्तीने नमते घ्यावे, हे एक. संसाराच्या उंबरठ्याआत शासनाने पाऊल टाकू नये, हे दुसरे. हा वाद घालताना आपल्या राज्याचाच एक अनुभव आपण विसरतो.

मुले किती व किती अंतराने व्हावीत हे मुक्तपणे आणि जबाबदारीने ठरविणे हा मातापित्यांचा मूलभूत हक्क आहे, असे तेहरानच्या मानवी हक्क परिषदेने १९६८ साली घोषित केले. त्याआधी १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही हा निर्णय शासनाचा नव्हे, आईबापांचा, असे शिकविले होते. १९७४ साली बुखारेस्ट येथे आपले आरोग्यमंत्री डॉ. करण सिंग यांनी विकास हेच संततिनियमनाचे उत्तम साधन असल्याचे मांडले. मात्र आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, त्यांनीच जाहीर केलेल्या धोरणाने सक्तीचे कायदे करण्याची मोकळीक राज्यांना दिली. ऑगस्टमध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन हयात अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही.

पण सक्तीला कायदा लागला नाही. लक्ष्य पुरेसे ठरले. शहा आयोगाच्या अहवालानुसार १९७६-७७ साली देशभर सुमारे साडेबेचाळीस लाख नसबंदी शस्त्रक्रियांचे लक्ष्य होते; झाल्या ८१ लाखांहून अधिक. मृत्यूच्या १,७७४ आणि अविवाहितांच्या नसबंदीच्या ५४८ तक्रारी त्यात नोंदविल्या आहेत. ज्याला आकडा भरावयाचा असतो, त्याला समोरचा माणूस दिसेनासा होतो.

लोकसंख्येची चिंता खोटी होती, असे आम्ही म्हणत नाही. परंतु १९९६ साली केंद्राने लक्ष्यपद्धती मोडीत काढल्यावर काय घडले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये एका स्त्रीमागे सरासरी ३.४ अपत्ये होती. २०१९-२१ मध्ये ती २.० वर आली. मुली शिकल्या, लग्नाचे वय वाढले, बालमृत्यू घटले, साधने हाताशी आली.

म्हणून लोकसंख्या-धोरण आणि मानवी हक्क यांचा मेळ बसू शकतो, असे आम्हांस वाटते; अट एकच. शासनाने माहिती द्यावी, दवाखाना द्यावा, शाळा द्यावी. निर्णय मात्र पतिपत्नींच्या सदसद्विवेकावर सोडावा.