शनवारतेल्यांची आळी

घाण्याचा बैल दिवसभरात किती कोस चालतो याचा हिशेब आमच्या घरात कोणी ठेवला नाही. पण सोमवारी तो चालत नसे, हे पक्कं होतं. सोमवार महादेवाचा, नंदी महादेवाचा, म्हणून त्या दिवशी चिखल्यातला आमचा घाणा उभा. बाकी सहा दिवस जवस. धान निघालं की त्याच बांधीत लाखोरी नि जवस यायचा. तेल पोटाला आणि दिव्याला, ढेप गाईम्हशीला. आजोबाच्या धोतराला जवसाचा वास असे, तो धुतल्यानंही जात नसे. पुढं तुमसरला तेलाच्या गिरण्या झाल्या, इकडे खाणीत रोजी मिळू लागली आणि आमच्या तेलीपुऱ्यातला शेवटचा घाणा मी दहावीत जायच्या आधीच थांबला.

कोकणात शनिवारी घाणा थांबवणारे तेली होते आणि ते ज्यू होते, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

झालं असं की माझा भाचा मुंबईत नोकरीला आहे. त्यानं एका रविवारी जुन्या इस्रायल मोहल्ल्याच्या हेरिटेज वॉकचं तिकीट काढलं. गावकऱ्याला हे नवलच, चालायचे पैसे! भाचा म्हणाला, "मामाजी, दोन तास चालता येईल ना जी?" म्हटलं, "बांधीतला चिखल तुडवला हाय बाप्पा मी, डांबर का जड जाईल?"

मस्जिद बंदर स्टेशनापासून सुरुवात झाली. आम्ही दहाबारा जण, पुढं गाईड पोरगी, हुशार आणि बोलायला मोकळी. तिनं पहिलाच प्रश्न टाकला, स्टेशनाच्या नावातली ही मशीद कोणाची? सगळे म्हणाले, मुसलमानांची. ती म्हणाली, नाव ज्यूंच्या प्रार्थनाघरावरून पडलं असं मानतात, कारण बेने इस्रायल लोक आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणत. मग हातगाड्या, हमाल, पोत्यांच्या थप्प्या चुकवत सॅम्युअल स्ट्रीट. सामाजी हसाजी दिवेकर म्हणजेच इंग्रजी कागदातले सॅम्युअल इझिकेल दिवेकर. कंपनीच्या पलटणीत अधिकारी होते, टिपू सुलतानाच्या लढाईत कैद झाले. टिपूच्या आईनं रदबदली केल्यानं जीव वाचला अशी कथा आहे. सुटून आल्यावर त्यांनी नवस फेडावा तसं 1796 साली सिनेगॉग बांधलं. मुंबईतलं हे पहिलं. 1860 मध्ये ते आताच्या जागी आलं. दारात पोलीस, पिशव्या तपासणं. 2008 साली कुलाब्याच्या नरिमन हाऊसवर हल्ला झाला, त्यानंतर हे आलं. आत मात्र शांत. वर बायकांसाठी सज्जा, पश्चिमेच्या भिंतीला तोराच्या गुंडाळ्यांचं कपाट, कारण जेरुसलेम इथून पश्चिमेला. त्या कपाटापुढं एक दिवा कायम तेवता ठेवतात. मी तेलाकडे बघत राहिलो, दुसरं काय बघणार!

पोरीनं इमारती छान दाखवल्या. ससून शेटचं सांगितलं, भायखळ्याचं त्यांचं सिनेगॉग, पुण्याचं लाल देऊळ, सगळं सांगितलं. ससून बगदादहून आलेले व्यापारी, त्यांचे पैसे दगडात दिसतात. पण मोहल्ल्यातली माणसं बेने इस्रायल, त्यांच्याविषयी "हे पूर्वी तेल गाळत" एवढं एक वाक्य. तेवढ्यात पुढचा चौक आला.

माझं त्या एका वाक्यानं भागेना. पुढच्या आठवड्यात भाच्याला घेऊन गेटवेवरून बोटीनं मांडव्याला आणि तिथून अलिबागला गेलो. तिथं इस्रायल आळी नावाची आळीच आहे. आळीजवळ राहणाऱ्या एका काकांनी आम्हाला फिरवलं. ते ज्यू नव्हेत, शेजारी. तिकीट नाही, घाई नाही.

काका म्हणाले, यांचे पूर्वज फार मागं जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथंच पुरलं. ही त्यांची परंपरा. वाचलेले गावोगाव पांगले आणि घाणे घालून बसले. शनिवारी त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी काम वर्ज्य, म्हणून लोकांनी नाव दिलं शनवारतेली. सोमवारी घाणा थांबवणारे ते सोमवारतेली. मी म्हटलं, "मग आम्ही सोमवारतेलीच की!" काका हसले आणि तिथून पुढं मला पाहुण्यासारखं वागवू लागले.

विचार करा, तोरा हाती नाही, हिब्रू विसरलेली, धर्मगुरू नाही. राहिलं काय? शनिवार, सुंता, 'शमा इस्रायल' ही एक प्रार्थना आणि पर-खवले असलेलेच मासे खायचे हा नियम. एवढ्यावर शेकडो वर्षं काढली. बैल शनिवारी सोडायचा, हीच त्यांची पोथी.

सणांची नावं ऐकून तर मला आपल्याच घरात बसल्यासारखं वाटलं. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. दारफाळणीला दिवसभर उपास, दारं लावून घरात बसायचं. जगभरातले ज्यू त्याला योम किप्पूर म्हणतात. बिरड्याचा उपास सुटायचा तो मोडाच्या वालांवर. ही नावं पंडितानं ठेवलेली नव्हेत, चुलीजवळच्या बाईनं ठेवलेली आहेत. आणि मलिदा! पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वर फळं. एलियाहू हन्नाबीच्या नावानं नवस फेडताना करतात. आमच्या भंडाऱ्यात धानाशिवाय दुसरं नाही, त्यामुळे पोह्यांचा देव मला लगेच पटला.

आडनावंही गावांवरून. दिवे आगरचे दिवेकर, पेणचे पेणकर, चेऊलचे चेऊलकर. सिनेमातले डेव्हिड हे चेऊलकरच. इंग्रजी अमदानीत हे लोक पलटणीत, गोदीत, रेल्वेत, सुतारकामात शिरले आणि मुंबईचा मोहल्ला भरला. 1875 साली हाइम सॅम्युअल केहिमकरांनी समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. त्यांनीच बेने इस्रायलांचा इतिहासही लिहिला, 1897 मध्ये. तो छापला गेला 1937 साली, तेल अवीवमध्ये. पुस्तकाला चाळीस वर्षं थांबावं लागलं.

सगळं गोडच होतं असं नाही. त्यांच्यातही गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता, सोयरीक होत नसे. कोकणच्या मातीतून ते हेही उचलून बसले.

आळीतलं सिनेगॉग 1848 चं, 1910 मध्ये पुन्हा बांधलेलं. आता आळीत माणसं थोडी. 1948 ला इस्रायल झाला आणि पुढच्या वर्षांत घरंच्या घरं निघाली. इथं कोणी मारलं नाही, हाकललं नाही. तरी गेली. तिकडे मात्र 1961 पासून धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी शंका काढली की हे खरे ज्यू का. जेरुसलेमला धरणं धरावं लागलं, तेव्हा 1964 साली त्यांच्या सरकारनं सांगितलं की हे सर्व बाबतीत ज्यूच. जे शनिवारावरून इथं ओळखले गेले, त्यांना शनिवारच्याच देशात ओळख पटवावी लागली! 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ज्यू 2,466. आमच्याकडच्या मंडईच्या दिवशी याहून जास्त माणूस गावात असतो. 2016 मध्ये राज्य सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

मला वाटते, हे वॉक चांगलेच आहेत, बंद पडू नयेत. पण सुरुवात सिनेगॉगापासून नको, घाण्यापासून करा. नाहीतर बघणाऱ्याला वाटेल, ही माणसं दगडी इमारतीतच जन्मली. आमच्या चिखल्यातही इंग्रजांच्या काळापासून मँगनीजची खाण. छत्तीसगडातून आलेली माणसं तिथं राबली, काही इथलीच झाली. त्यांच्या वस्तीत कोणी वॉक काढत नाही. तेलीपुऱ्यातही नाही. नातवाला विचारलं, तेलीपुरा का म्हणतात? तो म्हणाला, "तेली राहतात म्हणून." घाणा त्यानं पाहिलेलाच नाही, आणि आमच्या घाण्याचं उखळ परसात पालथं पडलेलं आहे. कोंबड्या बसतात त्यावर.

निघताना काकांना विचारलं, तेल काढल्यावर जे उरतं त्याला तुमच्याकडे काय म्हणतात? "पेंड," ते म्हणाले. आम्ही ढेप म्हणतो, मी सांगितलं. मग म्हटलं, इस्रायलात गेलेली माणसं अजून मलिदा करतात का? "करतात तर. मराठीत मासिकही काढतात, मायबोली नावाचं." आणि पोहे कुठून आणतात? "तिकडं दुकानात मिळतात की," काका म्हणाले, "पण इकडे आले की चारपाच किलो घेऊनच जातात."

भाचा म्हणाला, "मामाजी, आपले जाडे पोहे पाठवू का जी त्यायले?"

म्हटलं, आधी विचार, पातळ लागतात का जाडे.