लहान लेकराच्या हाती टॅब देण्याआधी हे करून घ्या

मौदा : रोवणीच्या दिवसांत माय-बाप बांधीत आणि लेकरू आजीजवळ सपरीत, असं चित्र तालुक्यात घरोघरी दिसते. रडू नये म्हणून मग हातात टॅब दिला जातो. काही घरी तो मोठ्या भावा-बहिणीचा असतो. नागपूरच्या 'महाज्योती' संस्थेकडून जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी ओबीसी, भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना टॅब मिळत आले आहेत. परीक्षा होईस्तोवर तो धाकट्याच्या हाती न दिलेलाच बरा.

वापरलेला टॅब असेल तर आधी तो कोरा करा. फोटो काढून घ्या, सेटिंग्जमध्ये जाऊन जुनं गुगल खातं काढा आणि मगच फॅक्टरी रीसेट करा. खातं न काढता नुसती बटणं दाबून रीसेट केला तर टॅब जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो आणि तिथंच अडकून बसतो. जुना टॅब विकत घेणाऱ्यांनी हे दुकानातच पाहून घ्यावं.

आता लेकराचं वेगळं गुगल खातं उघडा. खातं तयार करताना 'मुलासाठी' हा पर्याय निवडा आणि जन्मतारीख खरीच टाका. इथंच बहुतेक जण चुकतात. झटपट उघडावं म्हणून जन्मसाल मागचं टाकतात. मग गुगल त्या पाच वर्षांच्या पोराला मोठा माणूस समजते आणि १३ वर्षांखालील मुलांसाठी असलेली सगळी बंधनं निघून जातात.

पालकांनी स्वतःच्या मोबाइलवर 'फॅमिली लिंक' हे ॲप घ्यावं, ते फुकट आहे. दिवसाला किती वेळ टॅब चालेल, रात्री किती वाजता बंद होईल, कोणतं ॲप घेता येईल, हे शेतातूनही ठरवता येते. मात्र बदल पोहोचायला टॅबला नेट लागते.

साधं यूट्यूब काढून 'यूट्यूब किड्स' ठेवा. त्यात वयानुसार गट आहेत. सर्च बंद करता येतो आणि फक्त पालकांनी निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशीही सोय आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला ती सोय सर्वांत चांगली, थोडा वेळ खाते एवढंच.

पैशाची गोष्ट वेगळी सांगावी लागते. बँकेशी जोडलेलं सिम टॅबमध्ये टाकू नये, घरच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागते. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. कोणी फसवून पैसे काढलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

नेट जात-येत राहते, तेव्हा आधीच साठवून ठेवलेलं कामी येते. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी आहेत, 'दीक्षा' ॲपवर पाठ डाउनलोड होतात. आजीला मोबाइल समजत नसेल तर सुरक्षा सेटिंगमधलं 'ॲप पिनिंग' चालू करून द्यावं. पिन टाकल्याशिवाय लेकरू त्या ॲपच्या बाहेर जात नाही.

किती वेळ द्यावा? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की एक वर्षाखाली स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर आणखी चांगलं. चार्जिंगला लावलेला टॅब मात्र लेकराच्या हाती देऊच नये.