एक पद, अनेक कंठ

दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच आमच्या भंडारा जिल्ह्यात दुसरा सण उभा राहतो. त्याचे नाव मंडई. पुण्यामुंबईच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे या शब्दाने भाजीच्या टोपल्या येतील. त्यांचा नि आमच्या मंडईचा काही संबंध नाही. भाऊबीजेपासून पुढे एकेका गावाच्या मंडईचा दिवस ठरलेला असतो. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरून जातात, दिवसा जत्रा भरते आणि रात्री नाटक होते. हलके धान घरात आलेले असते, भारी धान बांधीत पिकत असते, आणि मधल्या फटीत माणसाला थोडे गावे, थोडे रडावे, थोडे हसावे असे वाटते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग मिळून जी झाडीपट्टी होते, तिथे नाटकाचा हा हंगाम होळीपर्यंत चालतो. रात्री नऊदहाला पडदा उघडावा आणि कोंबड्याच्या बांगेला पडावा, हा तिथला शिरस्ता.

अशाच एका मंडईत, १९६६ साली, मी एक भांडण ऐकले. मी दहा वर्षांचा होतो. आजवर त्या भांडणाचा निकाल माझ्या मनाशी लागलेला नाही. आज वाचकांसमोर ते मांडतो आहे.

आमचे मामाजी गाण्याचे मोठे शोकी. घरात चावीचा ग्रामोफोन होता आणि बालगंधर्वांच्या तबकड्या रेशमी कापडात गुंडाळून ठेवलेल्या. तबकडीला आमचा हात लागणे म्हणजे देवघरात चपला घालून जाणे! साकोलीजवळच्या एका गावी मंडई होती. बंडीत तणस पसरून, वर सतरंजी टाकून आम्ही सारे निघालो. नाटक पौराणिक होते. मध्यरात्र उलटल्यावर लोकांनी फर्माईश केली, तसा राजाच्या वेषातला नट पुढे झाला आणि त्याने 'मानापमाना'तले एक पद सुरू केले. दिवसा धान कापणारा तो गडी; आवाज खणखणीत, पण सुरावटीला आमच्या मातीचा हेल होता. मध्येच त्याने एक जागा अशी लांबविली की पेटीवाल्याचा हात क्षणभर थांबला. बायाबापड्या डुलू लागल्या. आमचे मामाजी मात्र उठून उभे राहिले.

नाटक संपल्यावर त्यांनी त्या नटाला गाठले. "बाबा, चाल पार बिघडवलीस तू. बालगंधर्वांची रेकॉर्ड ऐकली नाहीस का?"

तोंडाचा रंग पुसता पुसता तो म्हणाला, "रेकाट मी कई आयकलीच नाई जी. आमच्या पेटीमास्तरनं शिकवलं तसं गातो. लोकायले आवडते."

मामाजी परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. बंडी बोडीच्या पाळीवर आली तेव्हा एवढेच म्हणाले, "अस्सल गाणं एकच असतं. बाकीच्या साऱ्या नकला." मी मान डोलावली. दहा वर्षांच्या मुलाने दुसरे काय करावे? पण मला तर त्या गड्याचे गाणे आवडले होते, आणि ते मी बोललो नाही.

अस्सल गाणे एकच असते काय? पुढे मराठी नाट्यसंगीताचा इतिहास वाचू लागलो, तसतसा मामाजींचा पाया डळमळू लागला.

पहिल्यापासूनच पाहा. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. पदांची रेलचेल होती. पण चाली आल्या कुठून? काही कीर्तनातून, काही लावणीतून, काही बायकांच्या गाण्यांतून, काही कानडी मुलखातून. अण्णासाहेब मूळचे गुर्लहोसूरचे, म्हणजे कानडी त्यांच्या कानावरचीच. साकी, दिंडी, कामदा ही तर लोकांच्या तोंडी रुळलेली वृत्ते. ऐकणाऱ्याला चाल ओळखीची वाटावी आणि शब्द नवे वाटावेत, यातच त्या काळी गंमत होती. चाल उसनी आहे म्हणून कोणी नाक मुरडल्याचे दिसत नाही.

मग १२ मार्च १९११ रोजी 'मानापमान' आले. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ज्या चालींना मामाजी अस्सल म्हणत, त्या तरी कुठून आल्या होत्या? गोविंदरावांनी ठुमरी, दादरा, कजरी यांच्या पुरबी बाजातून कितीतरी वळणे उचलली होती. लखनौ-बनारसकडच्या मैफलीत जे सूर रमत, ते मराठी भामिनीच्या मुखी आले. १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालातल्या चिजांना मराठी शब्दांचे कपडे चढविले. त्या चिजा आधीच गात आलेल्या एखाद्या जुन्या उस्तादाने हे ऐकले असते तर तोही कदाचित मामाजींसारखाच उठून उभा राहिला असता!

बरे, एकदा चाल बसली की ती तशीच राहिली म्हणावे, तर तेही नाही. मास्टर दीनानाथ मंगेशकरांनी 'मानापमाना'तली काही पदे आपल्या निराळ्या चालींत बसविली. बालगंधर्वांचे गाणे म्हणजे संथ पाण्यावरची नाव. शब्दाला गोंजारत, लयीशी लपंडाव खेळत जाणारे. दीनानाथांचे गाणे म्हणजे वीज! पंजाबी ढंगाची ती अनपेक्षित झेप, तो तिरकस तेजस्वी स्वर. शब्द खाडिलकरांचेच, पण एकाच्या गळ्यात ते आर्जव होत आणि दुसऱ्याच्या गळ्यात आव्हान. जुन्या मंडळींनी कुरकुर केली, तरुणांनी डोक्यावर घेतले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोन कंपन्यांचे दोन राजे एका रंगमंचावर उभे राहिले. त्या रात्री कोण जिंकले, याचा वाद पुढे पिढ्यानपिढ्या रंगला. केशवराव त्यानंतर तीन महिन्यांतच गेले. पण त्या रात्री कोणी कोणाची नक्कल केली, असे म्हणायला एकही रसिक धजला नाही.

मग नकलेची ही भीती शिरली कोठून? माझ्या मते तबकडीतून. १९०२ साली कलकत्त्यात गोहरजानचा आवाज तबकडीवर उतरला आणि हिंदुस्थानातल्या गाण्याला एक नवीच सवय लागली. तबकडीची एक बाजू तीन मिनिटांच्या आसपास वाजे. जे पद थिएटरात वन्समोअर घेत घेत लांबत जाई, ते तीन मिनिटांत बसवावे लागले. मामाजींनी जिला देव मानले ती तबकडी म्हणजे त्या देवाचा टाक होता. टाकाची पूजा जरूर करावी. पण देव टाकाएवढाच असतो असे मानू नये.

आता १९६७ सालाकडे येऊ. मंडईतल्या त्या भांडणानंतरचेच हे वर्ष. १५ जुलैला बालगंधर्व गेले. मामाजींनी त्या दिवशी ग्रामोफोन लावला नाही. त्याच वर्षी, डिसेंबरात, 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले. नाटक लिहिले आणि बसविले नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि खाँसाहेब झाले वसंतराव देशपांडे. वसंतराव जन्माने मूर्तिजापूरचे, वाढले नागपुरात, शंकरराव सप्र्यांच्या हाताखाली शिकले, आणि दीनानाथांच्या गाण्याने भारलेले. वऱ्हाडनागपूरच्या माणसाला या नाटकाचा अभिमान वाटावा तो उगाच नाही.

आणि या नाटकाचा विषय तरी काय? आमच्या बंडीतलाच वाद! पंडित भानुशंकरांवर मात करून खाँसाहेब राजगायक होतात. पंडितजींचा शिष्य सदाशिव त्याच खाँसाहेबांची गायकी आपल्या गळ्यात यावी म्हणून तडफडतो, ती चोरून ऐकतो. खाँसाहेबांच्या कमरेला मानाची कट्यार आहे आणि तिने केलेला एक खून माफ आहे. गाणे चोरणाऱ्याला मारावे की शिकवावे, हा पेच. अभिषेकीबुवांनी तर हा वाद सुरांतच बांधून ठेवला. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद नाटकात दोन चालींत येते. पंडितजींच्या अंगाने गायिलेले पद शांत, शब्दांना जपणारे, घरंदाज. खाँसाहेबांच्या अंगाने गायिलेले तानांनी उसळणारे, आक्रमक. यातले अस्सल कोणते? नाटककार उत्तर देत नाही, संगीतकारही देत नाही. प्रेक्षक दोन्हींना टाळ्या देतो आणि घरी जातो.

योगायोग असा, की याच १९६७ साली सातासमुद्रापलीकडेही असाच प्रसंग घडत होता. अमेरिकेतल्या निग्रो समाजाच्या (आज आपण कृष्णवर्णीय म्हणतो) चर्चमधल्या भजनांतून 'सोल' नावाचा गाण्याचा एक प्रकार निघाला. सोल म्हणजे आत्मा. ओटिस रेडिंग नावाच्या गायकाने १९६५ साली 'रिस्पेक्ट' हे गाणे स्वतः लिहून गायिले. दमूनभागून घरी आलेला नवरा बायकोकडे थोडा मान मागतो, असा त्याचा भाव. १९६७ च्या फेब्रुवारीत एका धर्मोपदेशकाची मुलगी, अरीथा फ्रँकलिन, हिने तेच गाणे गायिले. थोडे शब्द बदलले, साथीला बहिणींचा ठेका घेतला, मान या शब्दाची अक्षरे एकेक सुटी करून ठणकावली. आणि नवऱ्याची मागणी बायकोची मागणी झाली. पुढे साऱ्या स्त्रियांनी आणि साऱ्या वंचितांनी ते गाणे आपले म्हटले. त्या उन्हाळ्यात एका मोठ्या जलशात रेडिंगने हे गाणे म्हणण्यापूर्वी हसत सांगितले, की एका मुलीने हे माझ्यापासून पळविले. डिसेंबरात विमान कोसळून तो गेला, अवघ्या सव्वीसाव्या वर्षी. त्याच महिन्यात इकडे सदाशिव खाँसाहेबांचे गाणे पळवीत होता. रेडिंगच्या कमरेला कट्यार नव्हती, हे आपले भाग्य!

पुढची पिढी आली. वसंतराव १९८३ साली गेले. २०१० साली त्यांचा नातू राहुल देशपांडे 'कट्यार'मध्ये खाँसाहेब होऊन उभा राहिला, आणि २०१५ च्या दिवाळीत सुबोध भावे यांनी त्या नाटकाचा बोलपट आणला. पडद्यावर पंडितजी झाले शंकर महादेवन, खाँसाहेब झाले सचिन पिळगावकर, आणि खाँसाहेबांचा गळा राहुलचा. बोलपट पाहून बाहेर पडताना माझ्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "वसंतरावांची सर नाही." त्यांच्यासोबतची नात म्हणाली, "आजोबा, मी तर हे पहिल्यांदाच ऐकलं. मला वसंतराव ऐकवाल?" मामाजी तिथे हवे होते, असे मला फार वाटले. नक्कल म्हणून ज्याला हिणवावे, तेच गाणे त्या मुलीला मुळाकडे घेऊन चालले होते.

आमच्या झाडीपट्टीत हे काम कोणी शिकविल्याविना चालत आले आहे. ऑर्गन आणि तबला रंगमंचाशी जिवंत वाजतो, गायक नट स्वतः गातो, आणि कालच्या गावातली चाल आजच्या गावात थोडी निराळी होते. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाने या रंगभूमीकडे वळून पाहिले. दोष नाहीत असे नाही. सिनेमाच्या उसन्या चालींचा सुळसुळाट झाला, कुठे कुठे भसाडा आवाजही चालून जातो. नवे गायिले म्हणजे चांगलेच गायिले असे माझे म्हणणे नाही. ज्याला पदाचा अर्थ कळला नाही, त्याने ते कितीही हुबेहूब म्हटले तरी ते फुकट. आणि ज्याला कळला, त्याच्याकडून ते थोडे बदलल्यावाचून राहणार नाही. मामाजींचा राग पहिल्यासाठी योग्य होता. तो त्यांनी दुसऱ्यावर काढला, एवढेच.

मामाजींचे अखेरचे दिवस मी पाहिले. ग्रामोफोनची चावी केव्हाच मोडली होती, तबकड्यांना तडे गेले होते. एका संध्याकाळी ते म्हणाले, "मानापमानातलं ते पद म्हण रे. तुला येतं."

मी घाबरत घाबरत सुरू केले. मला काही गाणे येत नाही. दोन ओळी झाल्या आणि माझ्या ध्यानात आले, की मी तबकडीवरची जागा घेतलीच नाही. मी ती लांबवली होती, साकोलीजवळच्या त्या गड्याने लांबवली होती तशी. तीस वर्षे ती माझ्या गळ्यात कुठे दडून बसली होती कोण जाणे! मी थांबलो.

मामाजींनी डोळे उघडले. "मंडईतल्या त्या पोराची आहे ही," ते म्हणाले. म्हणजे त्यांच्याही ती ध्यानात होती.

"चुकलं, मामाजी. पुन्हा म्हणतो."

"राहू दे," ते म्हणाले, "तशीच म्हण. पुढची ओळ घे."