नीरा खोऱ्यातील खारवट आणि चोपण जमीन : एक ऐतिहासिक टिपण

एखादी जमीन नापीक दिसली की ती मूळचीच तशी असावी, असा समज सहज रूढ होतो. नीरा खोऱ्याचा इतिहास या समजास बाध आणतो. बारामती-इंदापूरकडील हा मुलूख अवर्षणाचा. १८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खनमधील पाटबंधाऱ्यांच्या कामांना जी निकड प्राप्त करून दिली, तिच्यातूनच नीरेचा डावा कालवा साकार झाला. १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले. पुढे भाटघरच्या धरणाने त्यास साठ्याचा आधार दिला.

दुष्काळात ज्वारी-बाजरी तगावी, हा कालव्याचा मूळ हेतू. परंतु खात्रीचे पाणी मिळताच उसाची लागवड वाढत गेली. वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ शेतात उभ्या राहणाऱ्या या पिकास वारंवार पाणी द्यावे लागते. कालव्यातून व शेतांतून झिरपणारे हे पाणी खोल काळ्या जमिनीतून सहजासहजी निचरत नाही. त्यामुळे भूजलाची पातळी वर चढली. खडकाच्या अपक्षयातून निर्माण होऊन खालच्या थरांत साठलेले क्षार त्या पाण्यात विरघळले. ते पाणी केशाकर्षणाने पृष्ठभागापर्यंत येऊन उन्हाने आटले आणि क्षार तेवढे मागे राहिले.

हॅरल्ड मॅन व व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींविषयी केलेला अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. कालवा सुरू होऊन तेव्हा अवघी पंचवीस वर्षे लोटली होती. एवढ्या अल्पावधीत हा प्रश्न स्वतंत्र संशोधनाचा विषय व्हावा, यातच त्याचे गांभीर्य दिसून येते.

या संदर्भात मराठीतील दोन शब्दांकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. ‘खारवट’ जमिनीवर पांढरे मीठ फुटते. तिची माती पुष्कळदा भुसभुशीत असते. ‘चोपण’ जमीन भिजली की चिकट होते, वाळली की दगडासारखी कठीण. तिच्यावर पाणी तुंबून राहते. पहिलीत विद्राव्य क्षारांचे आधिक्य असते, तर दुसरीत मातीच्या कणांना सोडियम चिकटून त्यांची घडण मोडलेली असते. अमेरिकेतील क्षारभूमी प्रयोगशाळेने १९५४ च्या आपल्या पुस्तिकेत विद्युत्‌वाहकता ४ आणि विनिमयक्षम सोडियमचे प्रमाण १५ टक्के अशा मर्यादा घालून जे वर्गीकरण केले, त्याचा आशयही हाच आहे.

हा भेद केवळ कोशकाराच्या उपयोगाचा नाही. खारवट जमिनीत चर खणून निचऱ्याची सोय केली आणि भरपूर गोडे पाणी दिले, तर क्षार धुऊन जातात. चोपण जमिनीत पाणीच मुरत नाही. तेथे जिप्सम घालून सोडियमची जागा कॅल्शियमने घ्यावी लागते, आणि मोकळा झालेला सोडियम वाहून नेण्यास निचरा तर हवाच. दोहोंस सरसकट ‘क्षारपड’ म्हटले की उपायांतील हा फरक दृष्टिआड होतो.

पाट आधी आला. चराचा विचार मात्र जमिनी बिघडू लागल्यावर झाला. नीरा खोऱ्यातील आपत्तीचे मूळ या क्रमात आहे. कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूरकडील उसाच्या पट्ट्यातही क्षारपड जमिनींचा प्रश्न आज उभा आहे. म्हणून सिंचनाचा इतिहास लिहिताना भिजलेल्या क्षेत्राबरोबरच बिघडलेल्या क्षेत्राचीही नोंद इतिहासकाराने घेतली पाहिजे.